पेटीतले खेळ, अंगणातले खेळ

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या राज्यात एक सरकारी हुकूम निघाला. शिक्षणमंत्री कार्ल फॉन राउमर यांनी एका विशिष्ट प्रकारच्या संस्थांवर बंदी घातली. या संस्था नास्तिकता आणि समाजवाद पसरवतात, असा आरोप होता. तिथे प्रत्यक्षात काय चालत असे? तीन ते सहा वर्षांची मुले लोकरीचे चेंडू झुलवत, लाकडी ठोकळ्यांची घरे रचत, फेर धरून गात आणि बागेतल्या आपापल्या वाफ्याला पाणी घालत.

संस्थेचे नाव होते 'किंडरगार्टन', अर्थात मुलांची बाग.

मित्रहो, एरवी आपण लढाया, तह आणि सनदा यांवर बोलतो. आजचा विषय अगदीच पोरखेळाचा वाटेल. परंतु लहान मूल ज्या वस्तूशी खेळते ती वस्तू कोण ठरवतो, तिला किती पैसे पडतात आणि ती कोणत्या मुलाच्या हाती पडते, या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाची एक वाट जर्मनीतल्या थुरिंगियात सुरू होते आणि आपल्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्याला येऊन मिळते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

किंडरगार्टनचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल. जन्म १७८२. तो नऊ महिन्यांचा असतानाच आई वारली. वडील धर्मोपदेशक, कामात गढलेले. आईच्या मांडीवरचे खेळ ज्याच्या वाट्याला आले नाहीत, त्याच माणसाने पुढे त्या खेळांचे शास्त्र मांडले, ही गोष्ट मला नेहमी थोडी अस्वस्थ करते. तरुणपणी तो वनखात्याच्या कामाची उमेदवारी करून आला, नंतर बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांवर काम करू लागला. स्फटिक पाहता पाहता त्याच्या मनाने घेतले की, निसर्गाची सारी रचना काही थोड्या आकारांतून उलगडत जाते. मग मुलाच्या हातीही प्रथम तेच आकार द्यावेत.

१८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिले. मुलांसाठी त्याने क्रमवार साहित्य तयार केले. त्याला तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी म्हणजे सहा रंगांचे सहा लोकरी चेंडू, प्रत्येकाला दोरी बांधलेली. दुसरी म्हणजे लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. तिसरीत एक लाकडी घन, पण आठ सारख्या लहान घनांत विभागलेला.

दोरीच्या चेंडूचा खेळ फार साधा आहे. आईने चेंडू बाळासमोर झुलवायचा. आला, गेला, पुन्हा आला. मुठीत लपवायचा, आणि उघडायचा. बाळाला बोलता येत नसले तरी 'आहे' आणि 'नाही' यांतला फरक त्याला कळू लागतो, हे फ्रोबेलने हेरले होते. आठ घनांच्या खेळात एक नियम होता. रचलेली वस्तू एकदम मोडून टाकायची नाही, एखादा तुकडा सरकवून तिच्यातूनच पुढची वस्तू काढायची, आणि एकही तुकडा बाजूला टाकायचा नाही. खुर्चीचा पलंग व्हावा, पलंगाची भिंत व्हावी. त्याच आठ तुकड्यांत मूल अर्धा आणि पाव शिकते, आणि आपण गणित शिकलो हे त्याच्या गावीही नसते.

१८४४ मध्ये फ्रोबेलने मातांसाठी गीतांचे आणि बोटांच्या खेळांचे एक सचित्र पुस्तक काढले. हे खेळ त्याने हवेतून निर्माण केले नव्हते. साध्या घरांतल्या आया आपल्या बाळांशी जे काही करत, ते त्याने बारकाईने पाहिले होते. आपल्याकडेही तेच चालत आले आहे. तळहातावर बोट टेकवत मोराला दाणे टिपायला बोलवायचे. एकेक बोट मिटत न्यायचे आणि शेवटी दोन बोटांनी चालत चालत काखेत गुदगुल्या करायच्या. पाय लांब करून त्यांवर बाळाला झुलवायचे. चिऊच्या आणि काऊच्या नावाने घास भरवायचे. यातला एकही खेळ विकत मिळत नाही. फ्रोबेलचे मोठेपण एवढेच, आणि ते थोडे नव्हे, की ज्याला सारे जग वेळ घालवणे म्हणत होते त्याला तो शिक्षण म्हणाला.

मग बंदी का आली? १८४८ ची क्रांती चिरडली गेली होती आणि जर्मन राजे सावध झाले होते. फ्रीड्रिखचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने स्त्रियांचे उच्च शिक्षण आणि किंडरगार्टन यांवर एक पुस्तिका लिहिली होती, तीत जहाल विचार होते. सरकारने काका आणि पुतण्या यांची गल्लत केली. चूक दाखवून देण्यात आली, वृद्ध फ्रोबेलने थेट राजाकडे दाद मागितली, पण हुकूम मागे घेतला गेला नाही. माझ्या मते ही केवळ नामसाधर्म्याची चूक नव्हती. लहान मुलाला पाठांतर आणि छडीवाचून वाढू देणारी संस्था कोणत्याही धास्तावलेल्या सत्तेला संशयास्पदच वाटली असती. पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये, फ्रोबेल वारला. श्वाइना गावी त्याचे स्मारक आहे. खाली घन, त्यावर दंडगोल, त्यावर गोल. दुसरी देणगी दगडात उभी केली आहे. बंदी उठली ती १८६० मध्ये.

बंदीचा एक परिणाम असा झाला की, कल्पना देशाबाहेर पसरली. जर्मनीतून गेलेल्या मार्गारेट शुर्ट्झ यांनी १८५६ मध्येच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये किंडरगार्टन काढले होते. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठे शताब्दी प्रदर्शन भरले, तिथे या साहित्याचे प्रात्यक्षिक मांडले होते. एका बाईंनी ते पाहून आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी ठोकळे घेतले. तो मुलगा पुढे विख्यात वास्तुरचनाकार झाला, फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांतून कधी गेला नाही, असे त्याने उतारवयात सांगितले आहे. परंतु याच काळात अमेरिकन कंपन्या या देणग्या पेट्यांत भरून विकू लागल्या. मांडीवरचा खेळ आता बाजारात आला होता.

फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. आल्या त्या दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. याच वास्तव्यात फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टनचे रीतसर शिक्षण घेतले. संस्कृतची पंडिता, जिच्यापुढे कलकत्त्याचे शास्त्री नमले होते, ती चेंडू आणि ठोकळे घेऊन विद्यार्थिनी म्हणून बसली. रमाबाईंच्या डोळ्यांसमोर बालविधवा होत्या. ज्या मुलींना समाजाने जगण्यातून वजा केले, त्या शिकून शिक्षिका झाल्या तर स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील, हा त्यांचा हिशेब होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे.

बालविधवा आणि बालशिक्षिका हा दुवा कृपया ध्यानात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता रोम. ६ जानेवारी १९०७. सान लोरेंझो ही कष्टकऱ्यांची, कळकट वस्ती. एका इमारत कंपनीने तिथली घरे दुरुस्त करून भाड्याने दिली होती. आईबाप दिवसभर कामावर, घरी राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करतात, ही मालकांची तक्रार. त्यावर उपाय म्हणून मुलांना एका खोलीत सांभाळायचे ठरले आणि ते काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आले. भिंती वाचवण्यासाठी सुरू झालेली ती खोली म्हणजे 'कासा देई बांबिनी', मुलांचे घर.

माँटेसरी वैद्यक शिकलेल्या. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी इतार आणि सेगाँ या फ्रेंच वैद्यांनी केलेले प्रयोग त्यांनी अभ्यासले होते. त्याच धर्तीचे साहित्य त्यांनी या मुलांपुढे ठेवले. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा गुलाबी घन, एकावर एक रचायचे. खोबणीत नेमके बसणारे दट्टे. डोळे बांधून जोड्या लावायच्या कापडांचे तुकडे. सहा-सहा बंद डब्या, आत वेगवेगळ्या वस्तू, हलवून आवाजाने जोडी ओळखायची. खरखरीत कागदाची अक्षरे, त्यांवरून बोट फिरवायचे. चूक झाली की साहित्यच ती दाखवून देते, गुरुजींनी डोळे वटारण्याची गरज उरत नाही. बाई या सगळ्याला खेळ म्हणत नसत, त्या काम म्हणत. मुलांना कोणी विचारले नाही म्हणून बरे.

त्यांचा एक खेळ मात्र साहित्याशिवायचा आहे आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. एके दिवशी त्या चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन वर्गात आल्या. हे बघा, किती शांत आहे, तुम्हाला जमेल का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुले श्वासाचा आवाजही होऊ नये म्हणून जपू लागली. घड्याळाची टिकटिक, बाहेरचा पक्षी, सारे ऐकू येऊ लागले. मग बाईंनी दूर जाऊन एकेकाचे नाव कुजबुजत हाक मारली आणि एकेक मूल चवड्यांवर चालत त्यांच्याकडे गेले. शांततेचा खेळ. घरात आजही खेळता येतो, खर्च शून्य. रात्री दिवे मालवल्यावर तर विशेष रंगतो.

एक विसंगती पाहा. ही पद्धत जन्मली गरीब वस्तीत. पण साहित्य नेमक्या मापाचे हवे, ते अधिकृत कारखान्यातूनच घ्यावे, शिक्षिकेने बाईंकडूनच प्रशिक्षण घ्यावे, असा आग्रह पुढे वाढत गेला आणि थोड्याच वर्षांत माँटेसरी शाळा ही अनेक देशांत सुखवस्तू घरांची खूण झाली. ऑक्टोबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींची आणि माँटेसरी यांची भेट झाली. त्यांच्या प्रशिक्षणसंस्थेतील भाषणात गांधीजींनी कौतुक केले, आणि असे शिक्षण केवळ श्रीमंतांच्या मुलांना मिळून न थांबता अगदी कंगालांच्या मुलांनाही मिळो, अशी आशाही मोकळेपणाने बोलून दाखवली. इतक्या सौम्य शब्दांत इतका अवघड प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

या प्रश्नाला हात घालणारे लोक तोवर भारतात कामाला लागलेले होते.

गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला शिकवायचे कसे या विवंचनेतून त्यांच्या वाचनात माँटेसरी आल्या. वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर उघडले. भरघोस मिशा, आणि अंगाखांद्यावर पोरे. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशाळ आई. त्यांनी माँटेसरींचे साहित्य घेतले, पण एका बाबतीत त्यांचे ऐकले नाही. परीकथा आणि कल्पित गोष्टी लहान मुलांना देऊ नयेत, असे माँटेसरींचे मत होते. गिजुभाईंनी बालमंदिरात गोष्टी आणल्या, लोकगीते आणली, नाटके आणली. काठेवाडी आजीच्या तोंडची गोष्ट वगळून बालशिक्षण करायचे, ही कल्पनाच त्यांना पटण्यासारखी नव्हती.

त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात एक प्रसंग आहे. कथेतला शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने वर्गात शांततेचा खेळ सुरू करतो. खिडक्या बंद, अंधार. आणि मुले कुत्र्यामांजरांचे आवाज काढू लागतात. खेळ साफ फसतो. दुसऱ्या दिवशी शहाणा झालेला शिक्षक गोष्ट सांगायला बसतो, आणि वर्ग आपोआप शांत होतो. परदेशी पद्धत आपल्या मातीत उतरवताना काय करावे लागते, यावर इतके मार्मिक भाष्य मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही. माँटेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासला आल्या. गिजुभाई त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारले होते.

ओघात एक महाराष्ट्रातली नोंद. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच माँटेसरींचे पुत्र मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्टला, त्यांची सुटका झाल्याचे कळवण्यात आले.

१९२३ मध्ये गिजुभाईंकडे एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबईत, प्रार्थनासमाजी केळकर घराण्यात. १९१४ मध्ये बी.ए., विवाहानंतर अमरावती, पुढे संसारातून बाहेर पडून राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ते पद सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिका मराठीत चालवली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे केले. संस्था नावारूपाला आली. त्यांनी तिथेच थांबायला कोणाचीच हरकत नव्हती.

परंतु दादरच्या मुलांपुढे ठेवलेले साहित्य खेड्यातल्या मुलांपर्यंत जाणार कसे, हा लंडनमध्ये विचारलेला प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले.

हे वर्ष आणि हा मुलूख नीट पाहा. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. त्याच १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते आणि ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली होती. एका बाजूला सावकारी आणि वेठीविरुद्ध लढा, आणि त्याच मुलखात काही आठवड्यांनी बालवाडी. दोन्ही कामांच्या वाटा निराळ्या होत्या, माणसे निराळी होती. तरीही मी त्यांना एकाच पानावर ठेवतो. ज्या घरात आईबाप वेठीला जातात, त्या घरातले पाच वर्षांचे पोर खेळत नाही. ते धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते.

ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या अनुताई वाघ. जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुण्यात शिकून त्या शिक्षिका झाल्या, चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. रमाबाईंनी फिलाडेल्फियात बसून केलेला हिशेब इथे असा जुळतो. कस्तुरबा न्यासाच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पस्तिसाव्या वर्षी त्या पुण्यातली नोकरी सोडून किनाऱ्यावर आल्या. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरच्या आजारापर्यंत, त्याच कामात होत्या.

पहिला धडा बोर्डीनेच त्यांना शिकवला. बालवाडी उघडली, पण तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत तिथली मुले तिकडे फिरकेनात. बोलावूनही येईनात. गावातल्या शाळेचा उंबरा त्यांच्यासाठी कधी नव्हताच, मग या नव्या उंबऱ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? तेव्हा बालवाडीच वाड्यात गेली. झाडलोट केलेल्या अंगणात, घराच्या सावलीत, आयांच्या नजरेसमोर. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. 'अंगणवाडी' हा शब्द या अनुभवातून आला.

आणि साहित्य? समुद्र जवळ, झाडे भोवती. शिंपले, शंख, गोटे, बिया, पाने, फुले, काड्या, माती. रोममधल्या दहा गुलाबी घनांचे मर्म काय होते? लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावणे. मूठभर शिंपल्यांचा तोच क्रम लावता येतो. आवाजाच्या डब्यांचे मर्म कानाने भेद ओळखण्यात आहे. रिकाम्या काड्यापेट्यांत तांदूळ, वाळू, खडे आणि चिंचोके भरून प्रत्येकाची जोडी करा, खेळ तयार. पानांची जोडी कडा चाचपून लावता येते. डोळे झाकून लिंबाचे पान कोणते आणि तुळशीचे कोणते, हे नाकाने सांगता येते. आईला भाजीसाठी शेंगा सोलून देणे, मिसळलेली धान्ये निवडणे, एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणे हीसुद्धा माँटेसरींच्याच शाळेतली कामे, आणि आपल्या घरातली रोजची. साहित्य मुलाच्या परिसरातूनच यावे, हा ताराबाईंचा आग्रह होता. यात पैशांची बचत होतीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, खेळ मुलाच्या आईला परका राहिला नाही. गुलाबी घनापुढे जी बाई संकोचून उभी राहिली असती, तिने शिंपल्याला सहज हात घातला असता.

मला माझी बालवाडी आठवते. काचेच्या कपाटात लाकडी ठोकळ्यांचा एक सुरेख संच असे, आणि कपाटाला कुलूप. तपासणीला साहेब आले की संच बाहेर येई. आम्ही पायरीवर चिंचोके उडवत बसत असू. तक्रार नाही, चिंचोक्यांवर हात चांगला बसला. पण त्या ठोकळ्यांना हात लावायची इच्छा अजून गेलेली नाही.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ हलले. तिथे अडचण वेगळी होती. मोठी बहीण शाळेत आली तर तान्ह्याला कोण पाहणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी जोडली गेली. बहीण वर्गात, मधले भावंड खेळात, तान्हे पाळण्यात. तिचे नाव विकासवाडी. आणि जी मुले गुरे राखायला जात ती येऊच शकत नव्हती, तेव्हा शिक्षिका कुरणावर गेल्या. तीच कुरणशाळा. गुरे चरत आहेत, एखादा मुलगा मधूनच उठून चुकार वासरू वळवून आणतो आणि पुन्हा येऊन बसतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. मुंबई आणि पुण्यातल्या सुखवस्तू बालवाड्यांत मात्र याच काळात लेखणी-पाटी आणि इंग्रजी अक्षरे साडेतीन वर्षांच्या मुलांपुढे सरकू लागली होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, प्रारंभी ३३ प्रकल्पांत. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. ज्या शब्दाला एका वाड्यातल्या मातीचा वास होता, तो सरकारी कागदावर चढून देशभर गेला. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांबरोबर शालापूर्व शिक्षणही होते. मुले कुपोषणाने दगावत असताना आहाराला अग्रक्रम मिळणे चुकीचे होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु वजनाचा काटा आणि खिचडीचे पातेले यांच्या हिशेबासाठी नोंदवह्या होत्या, गोष्ट सांगितली का आणि फेर धरला का यासाठी फारसा हिशेब नव्हता. ज्याची नोंद होते ते आधी केले जाते.

इथे एक गोष्ट आपण इतिहासप्रेमी मंडळी हमखास विसरतो. स्वस्त साहित्य म्हणजे स्वस्त शिक्षण नव्हे. गुलाबी घन मुलाची चूक स्वतः दाखवतो. शिंपले दाखवत नाहीत, तिथे मुलाकडे लक्ष असलेले जाणते माणूस लागते. पेटी जितकी साधी, तितकी ताई अधिक तयार हवी आणि तिला तितकी अधिक उसंत हवी. बोर्डीला ते काम ताराबाई आणि अनुताई करत होत्या. १९७५ नंतर ते लाखो अंगणवाडी सेविकांवर आले, आणि त्यांना मिळत राहिले ते वेतन नव्हे, मानधन. वजने, सर्वेक्षणे, नोंदी सारे त्यांच्याच माथी. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २५ एप्रिल २०२२ हा दिवस उजाडावा लागला, आणि तोही गुजरातमधल्या सेविका आणि मदतनीस न्यायालयाची पायरी चढल्या म्हणून.

२० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी नवे शिक्षणसाहित्य जाहीर झाले. त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, बाहुल्या, चित्रे, गोष्टींची पुस्तके आहेत. नाव 'जादुई पिटारा', म्हणजे पुन्हा एक पेटी. फ्रोबेलला ती आवडली असती. ताराबाईंनी बहुधा झाकण उघडून पाहिले असते आणि त्यात आणखी मूठभर शिंपले टाकले असते. पेटीला कुलूप आहे का, आणि असल्यास किल्ली कोणाकडे असते, हे मात्र आपापल्या गावच्या अंगणवाडीत डोकावूनच पाहावे लागेल.